बिननावाचा खुलासा

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काका, पेपरातल्या नोकरीच्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, "गमती पाहिजेत तर बातमीदाराकडं जा. तो पुढाऱ्यांच्या पंगतीला जेवतो. मी डेस्कवरचा माणूस." ते म्हणाले, "मग डेस्कवरचं लिहा." म्हणून लिहायलोय. वाचून फराळ कडू लागला तर मला बोल लावू नका.

डेस्क म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या सासऱ्यालाही ते मरेपर्यंत कळलं नाही. पालम गावी ते लोकांना सांगायचे, जावई छापखान्यात शाई लावतो. डेस्कवरचा उपसंपादक कुठंही जात नाही. दुसऱ्यानं पाठवलेलं वाचतो, मराठीत आणतो, कापतो, शीर्षक देतो आणि जुळणीला खाली पाठवतो. मी जिल्ह्याबाहेर फारसा पडलो नाही, पण रोज दुपारी बेरूत, काबूल आणि जेरुसलेम उरकत होतो. सोनपेठच्या बाजारात वांगी काय भावानं गेली ते मात्र मला बायको सांगायची.

आमचा पेपर परभणीचा, चार पानांचा. मालक आणि संपादक एकच, आप्पासाहेब. मूळचे कापसाचे व्यापारी, कपाळावर भस्म, बोलणं गुळासारखं. माणूस दुष्ट नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचताना तुम्हाला तसं वाटेल. एजन्सीच्या बातम्या आपोआप टाइप करणारा भाड्याचा टेलिप्रिंटर आला तेव्हा त्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि "आता परभणीला जग दिसणार" असं भाषण केलं. दोन दिवसांनी लाइट गेली आणि जग बंद पडलं.

परदेशाच्या बातम्या तिसऱ्या पानावर. त्या पानाला आम्ही भरतीचं पान म्हणायचो. जाहिरात आली की तिथली बातमी कापायची, आणि कापायची ती नेहमी खालून. एजन्सीवाले महत्त्वाचं वर लिहितात आणि उरलेलं खाली, म्हणून खालचं गेलं तरी बिघडत नाही असं आम्हाला शिकवलेलं. आता ह्यातली भानगड बघा. कुठं गोळीबार झाला की सरकारचं आणि सैन्याचं निवेदन आधी येतं, ते वर बसतं. ज्याचं माणूस गेलं तो आधी रडतो, मग बोलतो, त्याचं म्हणणं खाली येतं. जुन्या मोंढ्यातल्या साडीच्या दुकानाची जाहिरात आली की ते उडायचं. वर्षानुवर्षं उडत होतं. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाला लाजही वाटत नव्हती.

दुसरी पद्धत खिळ्यांच्या छापखान्यातली. शिशाचं अक्षर न् अक्षर हातानं जुळवायचं. पंजाबात तेव्हा रोज माणसं मरत होती, आणि आम्ही रोज तेच शीर्षक जुळवत होतो. मोठ्या टाइपात 'अतिरेकी ठार'. जुळणारा सीताराम कंटाळला. त्यानं ते दोन शब्द सुतळीनं बांधून दगडी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिले. रोज उचलायचं, लावायचं, छापून झालं की धुऊन परत जाग्यावर. आकडा तेवढा बदलायचा.

काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं अजून भिजतच पडलेलं. इथल्या शेतकी कॉलेजात तेव्हा परदेशातली पोरंही शिकायला असायची. त्यातला एक नबील. नाब्लुसजवळच्या एका गावाचा पॅलेस्टिनी पोरगा, उंच, खांदे पाडून चालणारा. हॉस्टेलच्या पोरांत राहून दखनी हिंदी शिकलेला. ऑफिसात पहिल्यांदा आला तो भांडायलाच आला.

त्या आठवड्यात इस्रायलात एका बसवर हल्ला झाला होता आणि प्रवासी मेले होते. आप्पासाहेबांनी शीर्षक दिलेलं, 'पॅलेस्टिनी वीरांचा धाडसी हल्ला'. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि आपला पेपर मुस्लिम मोहल्ल्यात जास्त खपावा असा त्यांचा हिशोब. मला वाटलं, हा पोरगा पेढे घेऊन आलाय.

"साब," तो म्हणाला, "बस में औरतां थे, बच्चे थे. तुमारे पेपर में वो कायकू नहीं?"

मी म्हटलं, "जागा नव्हती."

"बहादुर लिखने को जगह थी?"

मला राग आला. चार बुकं शिकायला आलेला पोरगा मला धंदा शिकवणार! म्हटलं, "तू कुणाच्या बाजूचा आहेस रे?"

"मेरा घर उधर का है, तो मैं उधर का. पर पूरा छापो ना. आधा छापा तो दोनों तरफ का झूट."

त्याला घालवून दिलं. पण संध्याकाळी टेलिप्रिंटरवर आलेले तारेचे कागद काढून बघितले. बसमधल्या बायका-पोरांचा मजकूर शेवटच्या परिच्छेदात होता. मीच भाषांतर केलेला, नंतर खालून कापलेला. तेव्हापासून तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा. कधी त्यांच्याकडची घरं पाडल्याचं आम्ही गाळलेलं असायचं, कधी दुसऱ्या बाजूची मेलेली माणसं. मी शिव्या घालायचो आणि चहा मागवायचो. खरं सांगू, तेवढ्या वर्षांत माझं काम कुणी इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

वाचलं म्हणतो, पण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. वाचायच्या त्या काकू. चारठाण्याकडच्या, नवरा लवकर गेलेला, चौथी शिकलेल्या. गावठाणातल्या घरात खानावळ चालवायच्या आणि मागची खोली भाड्यानं द्यायच्या. नबील त्या खोलीत राहायचा. खोली देताना काकूंनी विचारलेलं, "तू कोन्या जातीचा रे?" तो म्हणाला, "फिलस्तीनी." काकू म्हणाल्या, "असंल बाबा एखादी. मटण आणायचं न्हाई घरात." एवढ्यावर सौदा झाला. पुढं त्यांना त्याच्याशिवाय करमेना. ताप आला तर काढा, परीक्षेच्या दिवशी हातावर दही. ताट वाढलं की काकू पेपर उघडायच्या आणि सगळ्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या, नबीलसाठी मधेमधे तोडकंमोडकं हिंदी करून. पेपर म्हणजे त्यांच्या लेखी पोथी. पेपरात आलं म्हणजे झालंच, आणि पेपरात नाही म्हणजे काही घडलंच नाही.

एके दिवशी दुपारी नबील ऑफिसात आला. हातात तार होती, जॉर्डनमधल्या मामाची. धाकटा भाऊ सामी गेला, एवढंच त्यात. कसा गेला ते नाही. "साब, तुमारे मशीन में कुछ आया?"

मी त्याला बाकावर बसवलं आणि कागदांचा ढीग उपसला. सापडली बातमी. वरचा परिच्छेद, नाब्लुसजवळ जमावानं दगडफेक केली, इस्रायली सैन्यानं गोळीबार केला, तीन तरुण ठार. सैन्याचं निवेदन. मग नावं, त्यात सामी, वय तेरा. शेवटी गावातल्या दुकानदारांचं म्हणणं, हा पोरगा शाळेतून घरी चालला होता, त्याच्या हातात दप्तर होतं. आणि सैन्यानं चौकशीचा हुकूम दिल्याची ओळ. मी त्याला सगळं इंग्रजीतून वाचून दाखवलं. 'दप्तर' आलं तसा त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि छातीशी धरून बसला. एवढा वाढलेला पोरगा, लहान लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

आप्पासाहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनाही वाईट वाटलं. खरंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. नबील निघून गेला, आणि ते मला म्हणाले, "माधवराव, लय वाईट झालं. पर बगा, जगाची बातमी आपल्या परभणीची झाली की हो! पयल्या पानावर घ्या."

मी सगळं लिहिलं. दगडफेक लिहिली, सैन्याचं म्हणणं लिहिलं, दुकानदारांचं लिहिलं, दप्तर लिहिलं. खरं काय घडलं ते मला परभणीत बसून कसं कळणार? पण आमच्याकडं दोन्ही म्हणणी आली होती, दोन्ही देणं एवढंच माझं काम. मजकूर खाली दिला आणि घरी गेलो, मुलगी तापलेली होती.

सकाळी ऑफिसच्या पायरीवर अंक हातात आला. पहिल्या पानावर शीर्षक होतं, 'परभणीतील विद्यार्थ्याचा भाऊ', आणि त्याखाली मोठ्या टाइपात, 'अतिरेकी ठार'. नबीलचं नाव, कॉलेजचं नाव, सामीचं नाव. दुकानदार आणि दप्तर नाही. त्या जागी एका सहकारी संस्थेची जाहिरात.

मी पायरीवरूनच ओरडत आत शिरलो. सीताराम मान खाली घालून खिळे वेगळे करत होता. म्हणाला, "सायब, जायरात आली, मजकूर मावना. शीर्षक जुळवायला टाइम न्हवता. आप्पासायेब म्हनले, ते बांधून ठिवलेलं हाय ना, तेच लाव."

आप्पासाहेबांना विचारलं, "तेरा वर्षांचं पोरगं अतिरेकी? कुठं लिहिलंय तारेत?"

"आता तिकडं मेला म्हंजी..." एवढं बोलून त्यांनी चहा सांगितला.

त्या दिवशी काकूंनी पेपर वाचला. पंगतीतली पोरं बघायला लागली. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातला पोलीस येऊन नबीलच्या खोलीची चौकशी करून गेला. कोण येतं, कोण जातं, पत्रं कुठून येतात. तो बिचारा आपलं काम करत होता. त्यानंही आमचाच पेपर वाचलेला. काकू घाबरल्या. एकटी बाई, घरात दहा पोरं जेवायला. त्यांनी नबीलला सांगितलं, "बाबा, तू दुसरी खोली बघ." दुसरी खोली कोण देतो? अतिरेक्याच्या भावाला? कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा जवळ आलेली. आणि खोलीचं तर एक, त्याला खरं लागलं ते दुसरंच. मेलेल्या भावाला त्या घरात अतिरेकी म्हणून वाचलं गेलं होतं, जिथं त्याला स्वतःला लेकरासारखं जेवू वाढलेलं.

तो माझ्याकडं आला. "काकू बोली, पेपर में सच्चा छपने दे, फिर रह. साब, तुम छापो."

खुलासा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. पेपर चुकला की खुलासा देतो, हे सगळ्यांना माहीत. पण खुलाशात चूक काय होती ते सांगायचं नाही, हा धंद्याचा रिवाज. आमच्याकडं तर तो फार कडक पाळायचे. आप्पासाहेबांनी मला तो पुन्हा समजावून सांगितला. "माधवराव, चूक सांगितली की ज्यानं पयली बातमी वाचली न्हाई त्यालाबी कळतं, आपन चुकलाव म्हनून. नाव घालायचं न्हाई. मोघम लिवायचं."

"मग तो खुलासा कुणासाठी?"

"कायद्यासाठी."

आप्पासाहेबांपुढं मी आवाज चढवला असे प्रसंग फार नाहीत. त्या दिवशी चढवला. म्हटलं, तारेतला कागद माझ्याजवळ आहे. त्यात तो शब्द नाही. तो शब्द आपला आहे. नावानिशी, पहिल्या पानावर, तेवढ्याच टाइपात छापा, नाहीतर माझा राजीनामा घ्या आणि उद्यापासून जेरुसलेम तुमचं तुम्ही करा. आप्पासाहेबांनी पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, "घाला बाबा, घाला. तुमचंच चालू द्या."

मी लिहिलं. 'नाब्लुसजवळ गोळीबारात मरण पावलेला सामी हा तेरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. त्याला अतिरेकी म्हणणारा शब्द मूळ बातमीत नव्हता, तो आमचा होता. तो शाळेतून घरी जात होता, असे गावातील दुकानदारांचे म्हणणे आहे. ते आम्ही छापले नाही. त्याच्या परभणीत शिकणाऱ्या भावाची आम्ही माफी मागतो.' सीतारामनं ते माझ्यासमोर जुळवलं. जुळवता जुळवता म्हणाला, "सायब, अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जाळली. आपल्या पेपरात आलं, दोन गटांत बाचाबाची. आमचे मानसं इथं आले, ह्याच पायऱ्यांवर बसले दिवसभर. मग खुलासा छापला. एका गावातील वृत्तात त्रुटी राहिल्या म्हने. कोन्या गावातील? गावाचं नावच न्हाई. आमी तो पेपर घेऊन भरपाई मागाया तहसीलला गेलो. सायेब म्हनले, ह्यात तुमचं गाव कुठंय?"

"मग तू इथंच कसा कामाला लागलास?"

"पोट हाय ना सायब." त्यानं माझ्याकडं न बघता 'सामी'चे खिळे घट्ट केले. "नाव टिकू द्या, म्हंजी झालं."

मी प्रूफ वाचलं, सही केली, घरी गेलो. तिथंच थांबायला पाहिजे होतं, पान मशीनवर चढेपर्यंत. मुलीचा ताप अजून उतरलेला नव्हता.

सकाळी मी तोंड धुतोय तोवर नबील दारात. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले, हातात नुकताच घेतलेला अंक, घडीसुद्धा न मोडलेला. कितीतरी दिवसांनी तो हसत होता. "चलो साब. काकू को तुम खुद बताओ, तुमने लिखा करके." मी स्वतः अंक बघितला नव्हता. हलवाई जसा मिठाई खात नाही, तसा मी सकाळी घरी पेपर उघडत नसे. चप्पल घातली आणि निघालो. रस्ताभर तो बोलत होता. हा पेपर आईला पाठवणार म्हणाला. दूरच्या देशात एका गावानं तिच्या पोराचं नाव नीट छापलंय, हे तिला दिसू दे म्हणाला.

काकू ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मला बघून पदर सावरला, पाट दिला. नबील पायरीखालीच उभा राहिला. ज्या घरात तो रोज थेट चुलीपर्यंत जायचा, तिथं आता बोलावल्याशिवाय वर चढला नाही. काकूंनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, उलटलं, दुसरं बघितलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, साडीच्या जाहिरातीखाली, त्यांना ते सापडलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"आमच्या एका अंकातील परदेशविषयक वृत्ताच्या शीर्षकात अनवधानाने चुकीचा शब्द पडला. त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत."

काकूंनी पान उलटून बघितलं, पुढं आणखी आहे का म्हणून. पुढं बाजारभाव होते.

ती भाषा आप्पासाहेबांची. मी गेल्यावर त्यांनी माझ्या ओळी काढल्या आणि आपल्या बसवल्या. आमच्या धंद्यात त्याला कुणी वावगं म्हणणार नव्हतं.

"भाऊसाहेब," काकू म्हणाल्या, "ही दुसऱ्याच कशाची तरी बातमी हाय. ह्याच्या भावाचं नाव कुठंय ह्यात?"

"काकू, त्याच्याच भावाचं आहे ते. मी सांगतो ना. मी स्वतः लिहिलं होतं, पोरगं शाळेत जाणारं होतं, दप्तर होतं हातात."

"तुमी तोंडानं सांगायलाव. पेपरात न्हाई." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझंबी आतडं तुटायलंय हो त्याच्यासाठी. रात रात झोप न्हाई मला. पर उद्या पोलीस आला तर त्याला काय दाखवू मी? तुमचं तोंड दाखवू? त्या दिवशी नाव होतं की नाई पेपरात? एवढं मोठं होतं. मग आज का न्हाई घातलं?"

काकू उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा फडक्यात भाकरी बांधलेल्या होत्या. खाली उतरून त्यांनी ते गाठोडं नबीलच्या हातात दिलं. त्याच्या तोंडाकडं बघवेना, तशा पाठ फिरवून पुन्हा ज्वारी निवडायला बसल्या.

नबीलला मराठीतलं काय कळलं आणि काय नाही, ठाऊक नाही. गाठोडं त्यानं काखेत धरलं. ओट्यावर पडलेला अंक उचलला, माझ्याजवळ आला आणि तिसरं पान माझ्यासमोर धरलं.

"साब, काकू को दिखता नहीं शायद. मेरे भाई का नाम किधर है? उंगली रख के बताओ. मैं पेन से गोल करता, अम्मी को भेजने का है."

पेन त्यानं खिशातून काढून टोपण उघडून तयार ठेवला होता. मी पान हातात घेतलं, बोट पुढं केलं आणि ते ठेवायला त्या ओळींत जागा शोधत राहिलो.